कुंकवाच्या करंड्यातली अर्धी गोळी

ती. आण्णा व आई यांस,
सा. न.

फोनवर आई "सगळं बरं हाय" म्हणते आणि आण्णा मागून खाकरतात, म्हणून पत्र लिहितेय. आई, आण्णांना वाचून दाखवशील तेव्हा मधलं काही गाळू नकोस.

रविवारी निघताना झोपेच्या गोळ्यांची नवी स्ट्रिप मी मोजली होती. दहा. रोज एक म्हटली तर चार रात्रींत चार जायला हव्यात. आज व्हिडिओवर तू दाखवलीस तर चारच शिल्लक. म्हणजे सहा गेल्या.

आण्णा, दोन जास्तीच्या तुम्ही घेतल्या नाहीत, हे मला माहीत आहे. रविवारी दिवा लावताना कुंकवाचा करंडा उघडला, तर आत अर्धी गोळी, कुंकवानं लाल झालेली. तेव्हा गप्प बसले. चार रात्री, रोज अर्धी, झाल्या दोन. हिशोब बरोबर आहे ना, आई?

रागावले नाही. मणक्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, आण्णांनी कूस बदलली की तू उठून बसतेस. पण ती झोल्पिडेम आहे, आण्णांच्या नावानं लिहिलेली. स्ट्रिपवर लाल चौकट आहे ना, ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाही म्हणून. ही गोळी घेतल्यावर काही माणसं झोपेतच उठून चालू लागतात, सकाळी त्यांना काही आठवत नाही. मोरीपर्यंतचा आपला उंबरठा केवढा उंच! तू पडलीस तर आण्णांना उठवणार कोण? आणि घेतल्याच असतील तर डॉक्टरांना सांगून टाक, लपवू नकोस.

आण्णा, आता तुमचं. गोळी चढत नाही, दीड करू का, असं विचारत होतात. वाढवायची नाही. ट्रामाडॉलही चालू आहे. दुखण्याची ती आणि झोपेची ही, दोन्ही मिळून श्वास मंद करतात, त्यात तुम्ही घोरता. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, जेवल्या जेवल्या घेतली तर उशिरानं लागू होते. मेडिकलवाल्यानं दोन्ही गोळ्या एकाच पाकिटात घातल्या आणि वर कन्नडात 'ऊटा आद मेले', म्हणजे जेवणानंतर, असं लिहिलं. ते दुखण्याच्या गोळीचं होतं. आईनं शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं, आणि भाकरी संपली की दोन्ही हातावर ठेवल्या. झोपेची गोळी अंथरुणावर टेकताना घ्यायची, आणि घेतली की परत उठून ओसरीवर गप्पा मारत बसायचं नाही. एकदम बंदही करू नका. चार दिवस झोप आणखी बिघडते आणि माणसाला वाटतं, गोळीशिवाय आपलं चालतच नाही. कमी कशी करायची ते डॉक्टर सांगतील.

दुपारी जेवून तासदोनतास घोरता आणि पाचला चहा पिता, मग रात्री डोळा कसा लागेल? दुपारी अर्धा तास बस झाला. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी. उठताना ओंडका लोटावा तसं खांदा आणि कंबर एकदम वळवा, मग पाय खाली सोडा, हातानं रेटा. उठताना अंगाला पीळ नको. अंगणात फेऱ्या मात्र वाढवा.

आणि तंबाखू. निपाणीच्या वखारीत आयुष्य गेलेल्या माणसाला मी काय सांगणार! १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात भर हायवेवर धोंडा उशाला घेऊन गाढ झोपायचात, हे तुम्हीच सांगता. पण मणक्यात स्क्रू घालून जी हाडं जोडलीत, ती सांधायला महिने लागतात आणि निकोटिन त्यात आडवं येतं. देव्हाऱ्यामागची डबी मला दिसली. या घरात लपवालपवी एकटी आईच करते असं नाही.

पायात जोर कमी वाटला, लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा टाक्यातून पाणी आलं, तर माझी वाट बघू नका; रात्र असली तरी गाडी करा.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येतेय. कमोडची खुर्ची घेऊन येते. दोन रात्री आण्णांच्या खाटेशी मी झोपेन. आई, तू आतल्या खोलीत, दार लावून. आण्णा खोकले तर खोकू देत.

तुमची,
माई