मीटरवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या जुन्या गाडीचा मीटर टॉवेलात गुंडाळून तुमच्याकडे आणला, त्याआधी दोघांनी "दुसरा बसवा" म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही तो उघडलासुद्धा नाहीत. आधी विचारलंत, "पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकाच वेळी वर जायला लागले का?" मी हो म्हटलं. "मग बिचाऱ्या काट्यांचा काय दोष?"

दोन्ही काट्यांना करंट देणारा छोटा रेग्युलेटर एकच असतो, बॅटरीचे 12 व्होल्ट तो साधारण 10 वर आणून सोडतो, आणि त्याची अर्थिंग गेली की दोन्ही काटे मिळून जास्त दाखवतात, हे मला तेव्हा कळलं. मी घरी काट्याला थेट बॅटरी लावून बघणार होतो! आतल्या पत्तीवर गुंडाळलेली ती बारीक तार तेवढ्यात जळाली असती. तीच तापते, पत्ती वाकते आणि काटा ढकलला जातो. म्हणून तो सावकाश चढतो. अर्थिंगचा गंजलेला स्क्रू घासून पुन्हा आवळलात, झालं.

स्पीडच्या काट्याला मात्र अख्खी दुपार गेली. फिरणारं चुंबक आणि त्यावरची ॲल्युमिनियमची वाटी एकमेकांना शिवता कामा नयेत. मधल्या फटीत कुणीतरी सोडलेलं तेल चिकट होऊन बसलं होतं. काटा काढण्याआधी तो कुठे टेकतो तिथे तुम्ही खूण केलीत, डायलवर खाच पाडलेला जाड कागद सरकवलात आणि दोन्ही बाजूंनी सारख्या जोरानं उचललात. खालची स्प्रिंग केसाएवढी. मी श्वास रोखून उभा होतो, तुमचा हात जराही हलला नाही. आकड्यांवर कापूससुद्धा फिरवू दिला नाहीत, नुसता मऊ ब्रश. त्या रंगाची तुम्ही जी काळजी घेतलीत ती मला सगळ्यात मोठी वाटते, कारण नवा काटा एकवेळ मिळेल, ती जुनी अक्षरं कुठून आणायची?

स्पीडमीटरच्या केबलला तुम्ही सांगितलं तसंच खालून हलकं ग्रीस लावलं, वरचा वीतभर भाग कोरडा ठेवला. आता काटा थरथरत नाही.

आणि किलोमीटरचे आकडे तुम्ही होते तसेच ठेवलेत, त्यासाठी वेगळे आभार. बाबांनी शेवटची गाडी चालवली तेव्हाचा आकडा आईला पाठ आहे. काल ती शेजारी बसली होती. चावी फिरवली, पेट्रोलचा काटा हळूहळू अर्ध्यावर येऊन थांबला, तोवर ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "चल, पुढे घे."

तुमचा,
त्या दुपारी टॉर्च धरून उभा असलेला