आई, मी वजनं का उचलते

आई, बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली, सत्तेचाळीस वर्षांची झालीस आणि आता हे वजनं उचलायचं काय खूळ, आणि बाबा मागून म्हणाले चालायला जा की रोज, तेवढं पुरे. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय, दोघंही सावकाश वाचा.

बारीक दिसायला मी जिमला जात नाही. माझ्या डोळ्यासमोर आजी आहे. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं तरी ती परत स्वतःच्या पायाने अंगणात गेली नाही. आई तू रात्री-अपरात्री उठून तिचं सगळं केलंस, पण बेडपॅन मागताना ती तोंड भिंतीकडे करायची ते मी पाहिलंय. आयुष्यभर शेतात राबलेली बाई, साठीनंतर आपण सगळ्यांनी प्रेमानेच तिला बसवून ठेवलं, आता आराम कर म्हणून. त्या आरामात तिच्या पायातली ताकद गेली असं मला आता पक्कं वाटतं.

तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर आणखी भराभर. त्यात आम्हा बायकांचं पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं आणि पुढची काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात, म्हणजे माझं वय नेमकं तेच आहे. बाबा, चालणं हृदयाला, शुगरला उत्तमच, ते अजिबात सोडू नका, पण हाडांवर आणि स्नायूंवर भार पडल्याशिवाय ती टिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सुद्धा आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि वर किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळायचा व्यायाम तीन दिवस.

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन सरळ उभं राहत उचलणं, शिकताना ट्रेनरने आधी नुसती काठी दिली होती. पाठ ताठ, कंबर मागे ढकलायची, काठी नडगीला चिकटून वर यायला हवी, ते अंगवळणी पडल्यावरच वजन आलं. आता घरातला भरलेला सिलिंडर मी एकटी हलवते आणि कंबर दुसऱ्या दिवशी कुरकुरत नाही.

आणि आई, "आमचं वय झालं" हे म्हणू नकोस. १९९० साली छापून आलेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या लोकांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता, ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. नव्वदीत! तू तर अजून बहात्तरची आहेस.

तुला जिम नको. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, हात छातीवर घे आणि उठ-बस कर, जमेल तेवढी, रोज थोडी वाढव. ओट्याला हात धरून एका पायावर उभी राहा. बाबा, तेव्हा तुम्ही शेजारी थांबा, पेपर नंतर वाचा.

खाण्याचंही बोलायचंय. संध्याकाळी चहा-टोस्ट आणि रात्री भाजी-पोळी, एवढ्यावर तुझं प्रोटीन कुठून यायचं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम तरी लागतं, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतं. मटकीची उसळ, पिठलं, दही रोज काहीतरी हवंच, आणि बाबांना अंडी चालतात तर त्यांनी ती खावीत.

आईच्या बोन डेन्सिटीची, म्हणजे हाडं किती विरळ झालीत ते बघायच्या तपासणीची, अपॉइंटमेंट मी घेतेय, रिपोर्ट आला की फोटो पाठवा. बाबांच्या गुडघ्याचं मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, मग उठ-बस सुरू करा. मी पुढच्या महिन्यात येतेय, बाथरूमला धरायचा दांडा बसवून घेऊ, प्लंबरला आत्ताच सांगून ठेवा.

तुमची,
ताई