पाच महिन्यांची नोकरी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

फिलिपिन्समधल्या बेरोजगारीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लोकसंख्या, वादळं आणि भ्रष्टाचार अशी तीन कारणं देऊन लेखकांनी विषय आटोपला आहे, आणि शेवटी जाता जाता फिलिपिनो माणसाच्या ‘सुशेगाद वृत्ती’वरही ठपका ठेवला आहे. पहिली तीन कारणं खोटी नाहीत. पण यजमानांच्या नोकरीमुळे माझं बरंचसं आयुष्य मनिलाच्या दक्षिणेला, लगुना प्रांतात गेलं, आणि तिथे कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी पगारपत्रकं करत असे. त्या टेबलावरून रोज दिसणाऱ्या कारणाचा लेखात उल्लेखच नाही. तिथल्या पोरांना नोकरी लागत नाही असं नाही. लागलेली नोकरी पाचव्या महिन्यात सुटते, आणि ती सुटावी अशाच बेताने दिलेली असते.

कायदा सरळ आहे. 1974 च्या कामगार संहितेप्रमाणे उमेदवारी सहा महिन्यांची. त्यापुढे माणूस कामावर राहिला की तो कायम. मग त्याला काढायचं तर सबळ कारण लागतं, कपात करायची तर आधी नोटीस आणि वर भरपाई. झालं असं, की कामगाराच्या सोयीसाठी आखलेली ही मुदत मालकांनी आपल्या सोयीची करून घेतली. पाच महिने राबवा, सहावा उजाडायच्या आत घरी पाठवा, त्या जागी दुसरी उभी करा. याला तिथे सगळे ‘एन्डो’, म्हणजे ‘एन्ड ऑफ कॉन्ट्रॅक्ट’, म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत पोरी एकमेकींना ‘तुझा एन्डो कधी?’ असं अगदी सहज विचारायच्या.

जानेवारीच्या पत्रकात दिसलेलं नाव जूनमध्ये गायब व्हायचं, आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच कारखान्याच्या यादीत नव्या हजेरी क्रमांकासह परत यायचं. सोशल सिक्युरिटीचा नंबर जन्मभर तोच राहतो, त्यावरून मला ओळख पटायची. बाई तीच, सोल्डरिंगचा हात तोच, मायक्रोस्कोपखाली डोळे फोडण्याचं काम तेच, पण कागदोपत्री ती पुन्हा पहिल्या दिवसावर. पगार पुन्हा किमान वेतनावर.

मधल्या काळाचा खर्च कोणी मोजत नाही. दर नव्या नोकरीला कागद नव्याने: बरांगायचा म्हणजे वस्तीच्या पंचायतीचा दाखला, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी तपासणी, फोटो, आणि एनबीआयचा म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेचा दाखला. या दाखल्याचा एक ताप आहे. तुमच्या नावाच्या दुसऱ्या कोणावर कुठे खटला असेल, तर संगणक ‘हिट’ दाखवतो आणि तुम्हाला काही दिवसांनी परत बोलावतात. त्या देशात सांतोस, रेयेस आणि दे ला क्रूझ यांची संख्या किती! गुन्हा भलत्याच दे ला क्रूझने केलेला, आणि नोकरीची जागा भरून जायची आमच्या दे ला क्रूझची. 2019 मध्ये सरकारने पहिल्यांदा नोकरी शोधणाऱ्यांना या दाखल्यांची फी माफ केली. चांगलं केलं. पण सवलत एकदाच. आमच्याकडे येणाऱ्यांची ती सातवी-आठवी नोकरी असायची.

लेखकांनी आकडे सरकारी दिले आहेत, ते बरोबरच आहेत. 2024 चा बेरोजगारीचा दर 3.8 टक्के. हा वाचून कोणालाही वाटेल की मग रडगाणं कशाचं? पण तिथल्या पाहणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही ‘रोजगारात’ धरला जातो. कारखान्यातून सुटलेली बाई घराच्या खिडकीत साबण-शाम्पूच्या पुड्या लावून बसली, नवरा मेव्हण्याची ट्रायसिकल, म्हणजे तिथली रिक्षा, दोन फेऱ्या फिरवून आला, की दोघंही नोकरदार. म्हणून त्याच पाहणीतला दुसरा रकाना वाचावा लागतो. हाती काम आहे, पण आणखी काम हवं आहे, असं सांगणारे त्या वर्षी साधारण 12 टक्के होते. लेखात हा रकाना नाही.

मालकांची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. त्यांची बिलंही माझ्याच टेबलावरून जायची. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा इलेक्ट्रॉनिक मालाचा आहे, पण त्यातलं बरंच काम बाहेरून सुटे भाग आणून जोडण्याचं, तपासण्याचं. परदेशातल्या गिऱ्हाइकाने हात आखडला की इथली एक पाळी बंद. विजेचा दर आग्नेय आशियातल्या चढ्या दरांपैकी. वीज स्वस्त करणं मालकाच्या हातात नाही, ऑर्डर आणणं पूर्णपणे नाही. उरलं काय, तर माणूस. आपल्या बाजूने हिशेब चोख आहे त्यांचा. फक्त धंद्याची सगळी जोखीम सर्वांत कमी पगाराच्या बाईच्या अंगावर टाकलेली असते.

हे पाच महिन्यांचं चक्र थांबवू असं सांगून दुतेर्ते 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. 2017 मध्ये कामगार खात्याचा आदेश निघाला, आखूड कंत्राटं पुन्हा पुन्हा करायला बंदी आली, कंत्राटदाराला पन्नास लाख पेसो भांडवलाची अट लागली. संसदेने पुढे त्यासाठी कायदाही मंजूर केला, आणि जुलै 2019 मध्ये दुतेर्ते यांनीच त्यावर नकाराधिकार वापरला. आदेशाने प्रकार थोडा कमी झाला, हे मान्य. पण लगेच दुसरी पळवाट चालू झाली. माणूस आता कंत्राटदाराकडे कायम. कारखान्याने परत पाठवला तर तो ‘फ्लोटिंग’, म्हणजे काढलेला नाही, पण काम नाही आणि पगारही नाही, पुढची जागा निघेपर्यंत थांबा. पत्रकात अशा नावांपुढे मी शून्य टाकत असे. ओळीच्या ओळी शून्य. त्यांना बेरोजगार कसं म्हणायचं? नोकरी आहे की!

2018 च्या कायद्याने बेरोजगारीचा भत्ताही सुरू केला आहे, पण त्याला किमान 36 महिन्यांची वर्गणी जमा हवी, त्यातली 12 महिन्यांची गेल्या दीड वर्षातली. पाच महिने भरायचे आणि चार महिने खंड, असं चालणाऱ्या बाईने ती अट कधी पुरी करावी?

वादळांबद्दल लेखकांशी माझं भांडण नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये योलांडा वादळाने लेयते-सामारकडच्या नारळबागा आडव्या केल्या. नारळ नव्याने लावून फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, आणि बागेत मजुरीवर जगणाऱ्या घराला तेवढा दम नसतो. तिकडच्या मुली आमच्या दारात आल्या. पण वादळाने त्यांना गाव सोडायला लावलं, दर पाच महिन्यांनी रस्त्यावर आणलं ते वादळाने नाही. त्यात तिशी ओलांडली की संपलंच. नोकरभरतीत वयाची अट घालायला 2016 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून फलकावरून वय गेलं. अर्जावरची जन्मतारीख मात्र राहिली. मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालायलाही दोन वर्षं कॉलेज झालेली मुलगी मागतात, तेव्हा शाळेची दोन वर्षं वाढवून 2013 च्या कायद्याने नेमकं काय साधलं, हे तिथल्या पालकांनाही उमगलेलं नाही.

राहता राहिली सुशेगाद वृत्ती. सकाळच्या सहाच्या पाळीसाठी पहाटे चारला जीपनीच्या, म्हणजे तिथल्या वडाप जीपच्या, रांगेत उभ्या असलेल्या मुली लेखकांनी पाहिल्या नसाव्यात. लगुना आणि काविते इथल्या कारखान्यांत हात बसलेल्या यातल्या कितीतरी जणी पुढे तैवानला जातात. तिथेही त्याच चिपा, तेच मायक्रोस्कोप. फरक एवढाच, की तैवानचं कंत्राट तीन वर्षांचं असतं. परकी माणसं म्हणून घेतलेल्या या मुली तिथल्या कारखानदारांना तीन वर्षं परवडतात, आणि स्वतःच्या देशात सहावा महिना परवडत नाही, याचं उत्तर लेखकांनी पुढच्या लेखात द्यावं. आणि तक्ता छापाल तेव्हा तो दुसरा रकानाही छापा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस