पाण्यावरची गाडी आधी वजनकाट्यावर आणा

संपादक महोदय,

पेट्रोल महागले की ‘पाण्यावर चालणारी गाडी’ परत येते. पारदर्शक बरणी, आत स्टीलच्या पट्ट्या, फेसाळलेले पाणी आणि तिथून एअर फिल्टरकडे गेलेली नळी, एवढे चित्रफितीत दिसते आणि शेवटी किटची किंमत. दावा असा की बरणीत विजेने पाण्यातून हायड्रोजन निघतो आणि त्यावर गाडी चालते किंवा पेट्रोल वाचते. ज्यांचे पोट गाडीच्या ॲव्हरेजवर चालते ते टॅक्सीवाले, टेम्पोवाले यात आधी सापडतात. म्हणून या बरणीचा हिशेब एकदा आकड्यांत मांडायला हवा.

पाणी ही हायड्रोजनची राख आहे. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरते ते पाणी. त्यातली ऊर्जा तेव्हाच निघून गेलेली असते. १ किलो हायड्रोजन जळताना वापरण्याजोगी सुमारे ३३ युनिट ऊर्जा मिळते, आणि तेवढाच हायड्रोजन पाण्यातून काढायला कारखान्यातल्या चांगल्या इलेक्ट्रोलायझरलाही (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्रालाही) ५० ते ५५ युनिट वीज लागते. कोणत्याही पट्टीने किंवा कोणत्याही ‘फ्रीक्वेन्सी’ने ही तूट भरून निघत नाही.

आता गाडीतली बरणी पाहू. तिला वीज मिळते आल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या जनित्राकडून, म्हणजे शेवटी पेट्रोलकडूनच. समजा ती १४ व्होल्टवर २० अँपिअर घेते. सात पट्ट्या ओळीने लावून सहा कप्पे केले असतील, तर तासाला साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघतो. ऑक्सिजन धरून मिनिटाला जेमतेम दीड लिटर वायू झाला. पाण्यात हे बुडबुडे भरपूर वाटतात, पण इंजिन मिनिटाला शेकडो लिटर हवा ओढत असते. त्या साडेचार ग्रॅममधली ऊर्जा १७ मिलिलिटर पेट्रोलएवढी. उलट २८० वॅट वीज तासभर पुरवायला, आल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के आणि इंजिनाची २५ टक्के धरली, तर २१० मिलिलिटर पेट्रोल जळते. चहाचे दोन कप भरून पेट्रोल ओतायचे आणि एक मोठा चमचा परत घ्यायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्याच्याही पलीकडचा हा व्यवहार. स्वस्त किटमध्ये तर दोनच पट्ट्या असतात. तिथे पाणी फोडायला दोन-अडीच व्होल्ट पुरतात, बाकीच्या व्होल्टेजची नुसती उष्णता होते आणि तासाला पाऊण ग्रॅमच हायड्रोजन हाती लागतो.

‘आल्टरनेटर फिरतोच आहे, ती वीज फुकटच जाते’ हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर. इंजिन आयडलवर ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू करा. आवाज क्षणभर खाली बसतो, मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन वाढवून तो सावरतो. वीज मागितली की आल्टरनेटर फिरवायला जड होतो, हे तिथे कानांनी कळते.

मग काहींना ॲव्हरेज वाढल्यासारखे का वाटते? किटसोबत ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) वायरवर एक छोटी डबी बसवतात. ती ईसीयूला खोटा सिग्नल देते आणि इंजिनाला पेट्रोल कमी मिळू लागते. बचत झालीच तर या डबीची, बरणीची नव्हे. पेट्रोल कमी, हवा जास्त अशा पातळ मिश्रणावर एक्झॉस्ट तापतो, व्हॉल्व्ह जळू शकतात आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून बरणीत घातलेल्या कॉस्टिक पोटॅशचे (तीव्र अल्कलीचे) तुषार नळीतून थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, जातात. तिथे पांढरट थर दिसला तर ॲल्युमिनियम खाल्ले जात आहे असे समजावे. कॉस्टिकऐवजी घरचे मीठ घातले तर क्लोरिन निघतो. द्रावण तापले की प्रवाह आपोआप वाढत जातो, त्यामुळे फ्यूज नसेल तर वायर वितळते. सर्वात गंभीर बाब म्हणजे बरणीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच साठतात. एक बॅकफायर (इंजिनातला भडका) नळीतून उलटा आला की बरणी फुटते आणि कॉस्टिक उडते. ज्यांनी हे किट बसवले आहे त्यांनी आधी बॅटरीकडची तार सोडवावी, बरणी उघड्या हवेत रिकामी करावी, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा ठेवावा, मग सेन्सरवरची डबी काढून ईसीयू स्कॅन करून घ्यावा.

काही दाव्यांत वीज नसते. पाण्यात ‘एक पावडर’ टाकतात. ती बहुधा कार्बाइड किंवा ॲल्युमिनियम असते. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन निघतो, हे प्रत्येक वेल्डिंगवाल्याला ठाऊक आहे. तिथे इंधन कार्बाइड आहे, आणि ते विजेच्या भट्टीत तयार होते. ॲल्युमिनियमचेही तेच. १ किलो हायड्रोजनसाठी ९ किलो ॲल्युमिनियम खर्ची पडते, आणि ते गाळायला किलोमागे १३-१४ युनिट वीज आधीच गेलेली असते.

हायड्रोजनचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर गाडी चालते, यात शंका नाही. टोयोटाची मिराई २०१४ पासून विकली जाते, मार्च २०२२ मध्ये ती दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर रस्त्यावर आली. अडचण आहे ती साठवणुकीची. आपल्याकडे सीएनजीचे सिलिंडर २०० बारला, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाबाला, भरतात. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये साधारण ९ किलो सीएनजी बसतो. त्याच सिलिंडरमध्ये त्याच दाबाने हायड्रोजन भरला तर ९०० ग्रॅमही बसत नाही, म्हणजे सव्वातीन लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा. म्हणून दाब ७०० बारवर न्यावा लागतो. मिराईच्या १४२ लिटर टाक्यांत ५.६ किलो बसतो, आणि त्या टाक्या कार्बन फायबरच्या, म्हणून महाग. झटपट भरताना वायू तापतो. टाकी ८५ अंशांपुढे जाऊ नये म्हणून पंपावर हायड्रोजन उणे ४० अंशांपर्यंत गार करावा लागतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात त्या शीतयंत्राचे वीजबिल काय येईल, हेही हिशेबात धरावे. मिराईच्या फ्युएल सेलमधल्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचातल्या, प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइड एक कोटी भागांत दोन भागांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे ‘कुठलाही हायड्रोजन’ भरून भागत नाही. जोडण्यांतही चूक खपत नाही. जून २०१९ मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळच्या पंपावर स्फोट झाला तो उच्चदाब टाकीच्या झाकणाचे बोल्ट नीट आवळले नव्हते म्हणून.

आणि विजेचा हिशेब. १ किलो हायड्रोजन बनवून, दाबून, गार करून टाकीत भरेपर्यंत साधारण ६० युनिट लागतात. त्यावर मोटार १०० ते १२० किलोमीटर जाते. तीच ६० युनिट बॅटरीच्या मोटारीत भरली तर ती साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाते. घरगुती मोटारीसाठी हायड्रोजनचा आग्रह धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकची गोष्ट निराळी. तिथे बॅटरीचे वजन मालाची जागा खाते आणि चार्जिंगला लागणारा वेळ धंद्याला परवडत नाही. मार्च २०२५ मध्ये १६ हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या देशात सुरू झाल्या, त्यांत मुंबई-पुणे परिसरही आहे. काहींत हायड्रोजन इंजिनात जळतो, काहींत फ्युएल सेल आहे. त्यांचे किलोमागे किलोमीटर आणि बंद पडण्याची कारणे जाहीर व्हावीत, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

त्याही आधी हरित हायड्रोजन (अपारंपरिक विजेने पाण्यातून काढलेला) जायला हवा तो खतकारखान्यांत. रायगडमध्ये थळला युरियासाठी अमोनिया बनतो, त्याला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात आणि या पद्धतीत किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तिथे ७०० बारची टाकी लागत नाही, गावोगावी पंपही लागत नाहीत. मात्र किलोभर हायड्रोजनमध्ये ९ लिटर पाणी जाते, आणि शुद्धीकरणात वाया जाणारे व थंड करायला लागणारे धरले तर त्याहून बरेच अधिक. मराठवाड्यात असा प्रकल्प आखताना पाणी कुठले, हा पहिला प्रश्न असावा.

शेवटी एक विनंती. पाण्यावर गाडी चालवल्याची बातमी देण्याआधी बातमीदाराने एवढे करून घ्यावे. इंधन टाकी सोडवून तिचे वजन आधी आणि नंतर घ्यावे. बॅटरी पूर्ण चार्ज करून चाचणी सुरू करावी आणि संपल्यावर तिला पुन्हा पूर्ण चार्ज करायला किती युनिट लागले ते मोजावे. पाण्यात टाकलेली प्रत्येक वस्तू वजन करून लिहावी. गाडी उतारावर पाच मिनिटे नव्हे, चाके जागीच फिरतात अशा चाचणीच्या रोलरवर, ठरावीक भाराने, तासभर चालवावी. पुण्यात एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे, तिथे ही सोय आहे. अमेरिकेत ओहायोच्या स्टॅन्ली मेयर यांचा ‘वॉटर फ्युएल सेल’ १९९६ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञांकडून तपासून घेतला, तेव्हा त्यात विजेने पाणी फोडण्याच्या साध्या विद्युत अपघटनापलीकडे काही निघाले नाही आणि गुंतवणूकदारांचे २५ हजार डॉलर परत करण्याचा आदेश झाला. आपल्याकडे मात्र अशा चाचणीच्या आधीच सत्कार उरकतो आणि किटची नोंदणी सुरू होते.

आपले,
वाहन अभियांत्रिकीचे दोन अध्यापक, पुणे