रविवारची बैठक : ओपेथचा मिकाएल ओकरफेल्ट

सभासदांनो, या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय स्वीडिश मेटल बँड ओपेथ, म्हणजे खरं तर त्याचा गायक-गिटारवादक मिकाएल ओकरफेल्ट.

जन्म १९७४, स्टॉकहोम. १९९० मध्ये डेव्हिड इसबर्गने सुरू केलेला बँड इसबर्ग गेल्यावर यानेच सांभाळला. पहिला अल्बम ‘ऑर्किड’, १९९५. ती वर्षं आपण भराभर उरकू, कारण खरा वेळ द्यायचाय २००१ च्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ला. निर्मितीत ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनचा हात आहे. ‘द ड्रेपरी फॉल्स’ पूर्ण ऐकायचं, दहा मिनिटांहून मोठं आहे. सुरुवातीचा मऊ गळा आणि नंतरची ती गुरगुर एकाच माणसाची, हे नवख्यांना खरं वाटत नाही!

२००३ चा ‘डॅम्नेशन’ गुरगुरीशिवाय. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून तर त्याने ती सोडलीच, ती थेट २०२४ च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये परतली. ‘हेरिटेज’वरून भांडण होणार हे गृहीत धरलंय (मी त्याच्या बाजूने), पण गाणं चालू असताना नको.

स्पीकर आहे, ऑक्स केबल कोणीतरी आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.