बाबांच्या “यात जिंकायचं काय?” ला उत्तर

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे, पगार वेळेवर होतोय, नोकरी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. फक्त फोनवर हे सांगता येईना म्हणून लिहायला बसले. फोनवर मी आम्ही बनवतोय त्या गेमचं काही काढलं की आई मध्येच जेवलीस का, भाजी कुठली केलीस वर येते, आणि बाबांचा एकच प्रश्न, “पण यात जिंकायचं काय?” मी मागं एकदा “काहीच नाही” म्हणाले तर बाबा जे गप्प झाले ते गप्पच. तर आता नीट सांगते, चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

गेममध्ये एक कागदाचं विमान आहे. बास. बंदूक नाही, शत्रू नाही, घड्याळ नाही, मार्क नाहीत. बामणोलीच्या शाळेतला एक पोरगा चाचणीच्या पेपरचं विमान करून खिडकीतून सोडतो (पंखावर लाल शाईत दहापैकी तीन दिसतात, घरी दाखवायची सोय नाही म्हणून सोडतो) आणि ते विमान आपण उडवत उडवत कासच्या पठारावरून, यवतेश्वर उतरून साताऱ्यात आणायचं, म्हंजे बाबा चालवायचे ती बामणोलीची एसटी संध्याकाळी जशी परत यायची तोच रस्ता, फक्त वरून. वाटलंच तर मध्येच उरमोडीचं खोरं ओलांडून सज्जनगडाकडं वळता येतं, तिथनं पुढं ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. नाही वळलात तरी कोणी काही म्हणत नाही. अंतरं खरी ठेवली नाहीत, आखडून घेतलीत, नाहीतर बघणाऱ्याला झोप लागेल.

आता बाबा, विमानाला इंजिन नाही हे लक्षात घ्या. नाक खाली केलं की वेग येतो पण उंची जाते, नाक वर केलं की उंची मिळते पण वेग जातो, आणि फारच वर केलं तर पंखावरची हवा सुटते आणि विमान गपकन खाली येतं. म्हंजे आपल्याकडं खर्चायला फक्त उंची आहे आणि ती सारखी संपतच असते. खऱ्या कागदाच्या विमानाचा हवेत टिकायचा विक्रम जपानच्या ताकुओ तोडांनी २०१० साली केला होता, २९.२ सेकंद, तोही बंद हॉलमध्ये. लांबीचा विक्रम अमेरिकेतल्या तीन इंजिनियरांनी २०२२ च्या डिसेंबरात केला, ८८.३१ मीटर, म्हंजे साधारण आठ एसट्या एकामागं एक लावल्या तर पहिलीच्या बंपरपासून शेवटच्या शिडीपर्यंत. बास, कागदाची पोच एवढीच. मग आमचं विमान तासभर कसं उडतं, तर वाऱ्यावर. आणि हे मी मनानं रचलेलं नाही, वारा आडवा येऊन डोंगराला धडकला की त्याला वर चढण्याशिवाय गत्यंतर नसतं, त्या चढत्या हवेत जे शिरेल ते वर जातं. घारी अजिंक्यताऱ्याच्या कड्यापाशी पंख न हलवता तासन्‌तास गिरक्या घेतात त्या ह्याच्याच जिवावर, आणि पाचगणीला पॅराशूटसारखं बांधून माणसं उडतात तीसुद्धा. उन्हानं तापलेल्या काळ्या कातळावरची हवा पण अशीच वर जाते, म्हणून दुपारच्या लेव्हलमध्ये कातळ शोधायचा आणि पावसाळ्याच्या लेव्हलमध्ये कडा.

तर बाबा, जिंकायचं काय याचं माझं उत्तर हे आहे की वारा ओळखायचा. स्क्रीनवर बाण नाही, नकाशा नाही, “इकडे वळा” नाही. वारा कुठनं येतोय ते गवतावरनं, चुलीच्या धुरावरनं, देवळाच्या भगव्या झेंड्यावरनं, दोरीवरच्या लुगड्यावरनं कळून घ्यायचं. घार गिरक्या घेतीये म्हंजे तिथं हवा वर जातीये, मुकाट्यानं तिच्या मागं जायचं. आमच्या ऑफिसातल्या पोरांना दिलं खेळायला, चांगली चार-चार तास गेम खेळणारी पोरं, त्यांना धूर दिसलाच नाही, ती बटणं दाबत बसली आणि जोरात जायचं बटण कुठंय विचारायला लागली. आणि आईला मी दिवाळीत नुसतं मोबाईलवर अर्धवट चालणारं दाखवलं तर ती काय म्हणाली आठवतंय का, “अगं वारा पलीकडनं येतोय, लुगडं बघ की.” आई, तेव्हापासून मला वाटतंय की हा गेम तुमच्या दोघांवरच तपासायला हवा. वाळवणं घालणाऱ्या बाईला वारा कळतो, त्यासाठी गेम खेळलेला असावा लागत नाही.

बाबांचं तर त्याहून पुढचं काम आहे. तुम्ही म्हणायचात ना, गाडी पठारावर आली की स्टेअरिंग सैल सोडायचं नाही, आडवा झोत येणार आहे त्या बाजूला हात आधीच भरलेला पाहिजे, आल्यावर वळवून उपयोग नाही. मी लहान असताना मला ते उगाच वाटायचं, एवढ्या मोठ्या गाडीला वारा काय करणार. गेममध्ये आडव्या वाऱ्याचं गणित लिहिलं तेव्हा नेमकं हेच आलं, झोत यायच्या आधी विमान थोडं तिरकं धरलं तरच ते सरळ जातं. पण गणितानं वारा कसा वागतो ते येतं, कुठं वागतो ते येत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हंजे बामणोलीच्या अंगानं कडा चढताना विमान वर जाणार हे बरोबर, पण पठार संपून यवतेश्वराकडनं साताऱ्याच्या बाजूला उतरायला लागलं की डोंगराच्या आडोशाला हवा खाली पडते, तिथं विमान बुडतंय, आणि किती बुडवायचं तेच ठरत नाहीये. फार बुडवलं तर लोक वैतागतात, कमी बुडवलं तर खोटं वाटतं. तुम्ही त्या उतारावर किती वर्षं गाडी घातलीये, कुठल्या वळणाला गाडी एकदम शांत व्हायची आणि कुठल्या वळणाला परत धक्का बसायचा हे मला कागदावर काढून पाठवा. मोडकं-तोडकं चालेल, फक्त वळणांना नंबर द्या.

चाळकेवाडीचं तसंच. पवनचक्क्या तिथं पठारावर का आहेत, तर डोंगरमाथ्यावरून जाताना वारा जोर धरतो, आणि चक्कीच्या पात्यांमागची हवा मंद आणि घुसळलेली असते. गेममध्ये चक्कीच्या मागं गेलात की विमान लटपटतं, पुढून गेलात तर काही नाही. हे कोणाला सांगावं लागत नाही, दोनदा आपटलं की कळतं.

आईचा प्रश्न होता, पडलं तर काय होतं. आई, तुझ्या त्या गोळ्या जुळवायच्या गेममध्ये जीव संपतात आणि मग अर्धा तास थांबा नाहीतर पैसे भरा असं येतं ना, ते मला अजिबात करायचं नाही, मला त्याचा रागच आहे, माणसाला अडवून पैसे मागायची रीत झाली ती. आमच्यात विमान पडलं की जवळ जो असेल तो येऊन उचलतो आणि परत फेकतो. गुराखी असतो, डोक्यावर भारा घेतलेली बाई असते, ती आधी भारा खाली ठेवते, कंबर धरते, मग फेकते आणि तिची फेक सगळ्यांत लांब जाते. एसटीचा कंडक्टर खिडकीतनं फेकतो, पण तो आधी पंखावरचे मार्क वाचतो आणि मान हलवतो. ही सगळी चित्रं आमच्यातल्या एकीनं हातानं काढलीयेत, ती कोल्हापूरची आहे, तिला कंडक्टरचा तिकिटाचा चिमटा कसा असतो ते दाखवावं लागलं नाही.

पाऊस आला की कागद भिजतो, जड होतो आणि खाली यायला लागतो. मग एसटी थांब्याच्या शेडमध्ये घुसायचं आणि वाळेपर्यंत बसायचं. काही करायचं नाही, पत्र्यावर पाऊस ऐकायचा. हे ठेवायचं का काढायचं यावर आमच्यात रोज भांडणं होतात. मी ठेवा म्हणते. साताऱ्याच्या जुलैत थांब्यावर बसून पाऊस उघडायची वाट बघितली नाही असं माणूस दाखवा मला.

दुसरं भांडण कासचं. रात्रीच्या लेव्हलमध्ये विमान पठारावर पडलं तर उचलायला कोण येणार? तिथं रात्री कोणी नसतं. एक जण म्हणतो लेव्हल परत सुरू करा, मी म्हणते उजाडू दे, धुकं उतरू दे, सकाळी कोणीतरी येईल. आई, तुला काय वाटतं ते सांग. कास आम्ही अगदी खरं करायचा प्रयत्न केलाय, सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं अशी पट्ट्यापट्ट्यानं फुलतात तशीच ठेवलीत, आणि टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते म्हणून ती गेम चालू केल्यावर दर सातव्या वेळीच दिसणार, बहुतेकांना दिसणारच नाही, असू दे. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं तेव्हापासून गर्दी किती वाढली ते तुम्ही बघताच, लोक फोटोसाठी फुलांत लोळतात. विमानानं निदान एक फूल तुडवलं जात नाही, ह्याचं मला फार बरं वाटतं.

आवाजाचं पण सांगते कारण बाबांना आता कानाला कमी येतंय आणि आवाज हा ह्यातला अर्धा गेम आहे, हेडफोन लावूनच खेळा. वाऱ्याचा आवाज आम्ही रेकॉर्ड केलेला नाही, कॉम्प्युटरनं तयार केलेली नुसती खरखर असते, तिच्यातले वरचे बारीक सूर गाळले की वारा ऐकू येतो. वेग वाढला की कमी गाळायचं, वेग पडला की जास्त. त्यामुळं विमान पडायच्या जरा आधी एकदम शांत होतं, डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं.

ही कल्पना जगात पहिली नाही, तेही कबूल. १९८८ ला जॉन कॅलहून नावाच्या माणसानं मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर ग्लायडर नावाचा गेम केला होता, त्यात कागदाचं विमान घरातल्या खोल्यांतनं फिरतं आणि फरशीतल्या झरोक्यांतनं येणाऱ्या हवेवर वर उचललं जातं. २००९ चा फ्लॉवर म्हणून आहे, त्यात आपण वारा असतो आणि पाकळ्या उडवत न्यायच्या, सगळ्या गेमभर एक शब्द नाही, आणि तो २०१३ साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन कला संग्रहालयानं संग्रहात घेतला. बाबा, हे चारचौघांत सांगायला तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं, कारण पोरगी गेम करते म्हटलं की लोक पत्त्यांचा अड्डा समजतात. पुण्यातच नॉडिंग हेड्स म्हणून मंडळी आहेत, त्यांचा राजी नावाचा गेम २०२० ला आला आणि बाहेरच्या देशात खेळला गेला.

पैशाचं. ज्या सॉफ्टवेअरवर बनवतोय ते गोडो फुकट आहे, विक्रीतला वाटाही मागत नाहीत. स्टीम म्हणून ऑनलाइन दुकान आहे, तिथं ठेवायला गेममागं १०० डॉलर भरायचे, विक्रीतले ३० टक्के ते घेतात. आणि एक मेख आहे, दोन तासांपेक्षा कमी खेळलं तर घेणारा चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागू शकतो. आमचा गेम तासा-दीड तासात संपतो. म्हंजे कोणी सगळा खेळून, वर पैसेही परत घेऊन जाऊ शकतो. सगळे म्हणतात लांबवा, काहीतरी गोळा करायला लावा, नाणी ठेवा. मी नाही म्हणते. बामणोली ते सातारा जेवढं आहे तेवढंच आहे, यवतेश्वराच्या देवळापाशी नाणी काय लटकवायची? परत घेणारे घेतील. घर माझ्या पगारावर चालतं, ह्याच्यावर नाही, म्हणून एवढा माज परवडतो.

आता कामाचं. शनिवारी दादाच्या लॅपटॉपवर फाईल येईल, तो लावून देईल. आधी आईनं खेळायचं, बाबांनी शेजारी बसायचं पण “डावीकडं घे, डावीकडं घे” करायचं नाही, मग बाबांनी. मला फोन करून पुढं कुठं जाऊ विचारायचं नाही, अडलात तर अडू द्या, कुठं अडलात आणि कुठं कंटाळा आला तेवढं एका कागदावर लिहा. छान आहे, पोरीनं केलंय, असलं लिहू नका, त्याचा मला काही उपयोग नाही. आणि बाबा, वळणांचा नकाशा विसरू नका, यवतेश्वरच्या उताराचं काम त्याच्यावाचून अडलंय.

तुमची,
धाकटी