वय नव्हे, घाई धोक्याची

आई-वडिलांसोबत उंच शिखर चढण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ‘साठीनंतर हा हट्ट नको’ हा त्यातील सल्ला मात्र पटला नाही. विरळ हवेचा त्रास वय पाहून होत नाही. घाईने चढणारा धडधाकट तरुणही त्याच्या तडाख्यात सापडतो. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा सर्वमान्य दंडक आहे. आधी हृदयाची तपासणी हवीच. पण खरी अडचण पुढेच असते. मुलांचा विरस नको म्हणून वडील डोकेदुखी लपवतात, ताट बाजूला सारून ‘भूक नाही’ एवढेच म्हणतात. अशा वेळी मुलांनीच खोदून विचारावे आणि त्रास वाढत असेल, तर शिखर समोर दिसत असले तरी त्यांना घेऊन लगेच खाली उतरावे.